पुतळाबाईंचे प्रश्न

नवऱ्याने, धनेशने, पनवेलला दुसरा संसार थाटला, तेव्हा निशिगंधा शिरवण्याचं सासर सोडून माहेरी निघाली होती. तिच्या सासूने, पुतळाबाईंनी, तिची बॅग उचलून परत आत नेऊन ठेवली. "तो गेला म्हून तू कशाला जातंस? घर माजा हाय," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून त्या घरात दोघीच राहू लागल्या.

निशिगंधाला प्रेमकथांचं वेड. वाशीच्या लायब्ररीतून ती कादंबऱ्या आणायची. पुतळाबाईंना वाचता येत नव्हतं. दुपारी सुकट निवडता निवडता त्या म्हणायच्या, "मोठ्यानं वाच ना गो." मग मध्येच त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. नायिका रडून रडून बेजार झाली, की विचारायच्या, "जेवली का नाय ती?" नायक परदेशातून थेट तिच्या दारी आला, की म्हणायच्या, "आनि आयला कवा भेटनार?"

शेजारच्या अमिताने हे ऐकलं आणि एक दिवस दोघींसमोर मोबाइल रेकॉर्डिंग लावून ठेवला. असा त्यांचा पॉडकास्ट सुरू झाला. निशिगंधा कादंबरी सांगायची, पुतळाबाई तिची उलटतपासणी घ्यायच्या. लोक ऐकू लागले. कुठल्या कुठल्या बायका आजींना नमस्कार कळवायच्या. घर सोडून गेलेल्या नवऱ्याचं नाव न काढताही आपला दिवस जातो, हे निशिगंधाच्या लक्षात यायला लागलं.

एका कादंबरीत पळून गेलेला नवरा परत येतो आणि बायको त्याला माफ करते. पुतळाबाई उखडल्या. "आला म्हून काय ओवाळायचा त्याला? माजा पोर आला तर मी दार नाय उगडनार." तो भाग खूप फिरला. फिरत फिरत धनेशपर्यंत पोचला.

तो आला, पण भांडायला नाही. कडेवर तान्हं मूल होतं. दार निशिगंधानेच उघडलं. त्याने मूल पुतळाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"आये, आमी दोगं कामाला जातो, याला बघाया घरात कोन नाय. चल ना."

पुतळाबाईंनी मुलाची मूठ उघडून पाहिली. मग त्याला खांद्यावर घेऊन उठल्या.

त्यांची लुगडी निशिगंधानेच घडी घालून पिशवीत भरली. भरताना तिला राहवलं नाही. "आई, तुम्ही तर म्हणाला होतात, दार उघडणार नाही."

"त्या गोष्टी होत्या गो. ह्यो माजा नातू हाय." मग हळूच म्हणाल्या, "तू हितंच ऱ्हा. घर तुजा हाय."

पुढचा भाग तिने एकटीनेच केला. नायिकेचं लग्न मोडतं तिथवर आली आणि सवयीने थांबली. समोरून कोणी काही विचारलं नाही, तेव्हा घाईघाईने पुढचं सांगून मोकळी झाली. आजी कुठे गेल्या, असं लोक विचारत राहिले. "गावाला गेल्यात," असं ती लिहायची. तिने पनवेलला फोन केला, की मागे मूल रडत असायचं आणि पुतळाबाई म्हणायच्या, "आता नाय गो, पोर उठलाय."

गौरीच्या सणाला पुतळाबाई नातवाला घेऊन शिरवण्याला आल्या. बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांच्या खुर्चीत बसल्या. थोड्या वेळाने उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळल्या.

"निशी, पानी घेऊ का?"

"घ्या ना, आई," ती म्हणाली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.