राक्षस किती वेळानं यावेत?

कॉम्प्युटर क्लासच्या दोस्तांनो, मला काही सुचत न्हाय, म्हणून क्लासच्या नोटीस बोर्डावर लिहितोय.

माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा, उजवा हात लेथ मशीनवर चिरडला. बोटं हलती राहावीत म्हणून मी क्लासच्या एकुलत्या कॉम्प्युटरवर गेम लिहिला. आज त्याला खेळायला आणलं.

गेममधले राक्षस एकामागून एक आले. बोट बटणापर्यंत पोचायच्या आत अण्णाचा पडद्यावरचा गडी मेलेला असायचा. मग मी राक्षस क्वचितच येतील असं केलं. रिकाम्या पडद्याकडं बघत अण्णा म्हणाला, "माझी कीव करतोस व्हय?"

आणि उठून गेला. आता परत येणार न्हाय म्हणतोय. डॉक्टर म्हणतात, आत्ता हलवली न्हाईत तर बोटं कायमची आखडतील.

सांगा की, राक्षस किती वेळानं आणू, म्हणजे तो जिंकेल, पण मीच जिंकवलं असं त्याला वाटणार न्हाय?