वाडीचा पंप

पिरंगुटच्या आमच्या पंप कंपनीत किस्से जमवावे लागत नाहीत. कॅन्टीनला चौघं बसले की कोणीतरी म्हणतंच, "तो वाडीचा सांग रे!" मी सांगतो. सगळे हसतात. मला मात्र अलीकडे सांगताना कसंतरीच होतं.

प्रकरण साधं. दरवर्षी आम्ही इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रोजेक्टसाठी एक खराखुरा प्रश्न देतो. खर्च कंपनीचा, डोकं पोरांचं आणि मध्ये मी!

* * *

प्रश्न निवडायची मीटिंग होती. साहेब म्हणाले, "प्रश्न एकदम अस्सल हवा. पण गाडी दारापर्यंत गेली पाहिजे!"

मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला एक वाडी सापडली. झरा खाली, घरं टेकाडावर. बायका डोक्यावर हंडे घेऊन चढायच्या. रस्ता मात्र चांगला होता. साहेब खूश झाले.

* * *

पहिल्या टीमनं ॲप केलं. झऱ्यावर किती गर्दी आहे ते मोबाइलवर दिसणार! वाडीतल्या हिराबाईंना पोरांनी ते कौतुकानं दाखवलं.

"गर्दी कसली रं पोरांनो?" हिराबाई म्हणाल्या. "मी, माझी सून आन् जाऊ. हाक मारली की कळतंय!"

ॲपला ए ग्रेड मिळाली. शिफारस माझीच होती.

* * *

पुढची टीम सर्व्हे घेऊन आली. "मावशी, पाणी भरायचा त्रास एक ते दहामध्ये किती?"

"आदी च्या घ्या," हिराबाई म्हणाल्या.

आमचा घोळका मोठा. चहा झाला, आग्रहानं पुन्हा झाला, कपबश्या विसळून झाल्या. निघताना बघतो तर हिराबाई हंडा घेऊन परत खाली निघालेल्या.

"आत्ताच तर आणलं होतं ना?" एका मुलीनं विचारलं.

"व्हय. त्याचाच च्या झाला की!"



* * *

तिसऱ्या टीमनं मात्र कमाल केली. झऱ्यावर छोटा पंप, त्याला सोलर पॅनल आणि हिराबाईंच्या दारात टाकी. नळ सोडला आणि पाणी आलं! हिराबाईंनी पंपाला हळदकुंकू वाहिलं. सुनेनं हंडे पालथे घातले.

मीटिंगमध्ये मी फोटो दाखवले. साहेब म्हणाले, "ग्रेट! पण मग पुढच्या बॅचला द्यायचं काय?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि माझी मलाच लाज वाटली.

* * *

मार्क देण्याआधी मॉडेल कॉलेजात जमा करायचं, असा नियम. पंप काढायला मीच गेलो. "प्रदर्शन झालं की लगेच आणून देतो," म्हणालो. हिराबाईंनी तो पदरानं पुसून हातात दिला. "जपून न्या, सायेब."

प्रदर्शनात पहिला नंबर! बक्षीस द्यायला हिराबाईंनाच गाडी पाठवून आणलं. शाल झाली, श्रीफळ झालं. स्टेजवर पंप सुरू होता. एका टबातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं परत पहिल्यात. कंपनीचा स्टिकर नेमका कुंकवावर चिकटवलेला.

साहेबांनी माइकवर जाहीर केलं, "हा पंप आता कायम कॉलेजच्या लॅबमध्ये राहणार! आणि वाडीचा प्रश्न पुढच्या बॅचला!"

टाळ्या पडल्या. मग माइक हिराबाईंपुढे आला. "मावशी, दोन शब्द बोला."

त्यांनी टबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सायेब, हितं कुणाला पाणी लागतंय?"