स्क्रू की टाके?

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते. झोपेतच गेली म्हणे. अस्थी गोळा करताना तिचा मुलगा मिलिंद राख बोटांनी पुन्हा पुन्हा चाळत होता.

"दादा, काय शोधतोस?"

"स्क्रू. आई म्हनायची, हातात कायतरी ठेवलंय डाक्टरांनी..."

सापडलं काहीच नाही.

शांताआत्या राजगडाखाली, पाली गावात, गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालायची. शेवाळल्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट दगा देऊ लागलं. भाकरी थापताना आत कट्‌ वाजे, हातातला जोरच जाई. मी पुण्यात ऑपरेशन थिएटरची नर्स, म्हणून तिला आमच्याच इस्पितळात दोन डॉक्टरांना दाखवलं. मनगटातली दोन लहान हाडं एकमेकांपासून सुटली होती. तिच्याच हातातली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, हाडांतून ओवून ती हाडं बांधायची, इथवर दोन्ही डॉक्टरांचं एकमत. त्या दोरीचं टोक हाडात पक्कं कसं करायचं, तिथं मात्र एक म्हणाले स्क्रू, दुसरे म्हणाले टाके.

"दोगं शिकल्यालं, मग दोन तऱ्हा कशा? एक जण फसवतोय." मग माझ्याकडं रोखून म्हणाली, "आन् पेशंट आणला की तुला काय देत्यात गं?"

लागलं ते मला. तिच्या घरून न जेवताच निघाले.

पुढच्या खेपेला तिनं टाकेवाल्या डॉक्टरांनाच धरलं. "स्क्रू वाईट असतोय का?"

"नाही, मावशी. स्क्रूची पकड लगेच घट्ट बसते, पण एवढ्याशा हाडाला मोठं भोक पाडावं लागतं. हाड तडकू शकतं. टाक्यांत ते भय कमी, पण दोरी थोडी सैल पडू शकते. जास्त कोणतं टिकतं, ते मला खात्रीनं सांगता येत नाही."

आत्या त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "ह्यो खोटं बोलत न्हाई वाटतं. तरी आत तूच उभी ऱ्हा."

राहिले. डॉक्टरांनी टाकेच घातले. हाडं जुळेपर्यंत आधाराला दोन तारा होत्या, त्याही पुढं काढल्या, तिच्या तळहातावर ठेवल्या. तिनं त्या उलटसुलट करून पाहिल्या. "तिसरी कुठाय?"

मनगट पूर्ण मागं वळेना, भाकरी जरा लहान झाली, पण हाडं पुन्हा सुटली नाहीत. तरी तिची खात्री पटली, असं मला कधी वाटलं नाही. शेवटच्या भेटीत ताटात भाकरी टाकून तिनं पिठाचा हात पुढं केला.

"दाब."

मी दाबलं.

"आनखी."

आत काही वाजलं नाही. मी हात मागं घेऊ लागले, तर तिनंच माझी बोटं धरून ठेवली... घट्ट.