आपोआप काळी होणारी काच

वेल्डिंगचे रॉड आणि हातमोजे विकणाऱ्या बाईकडं सांगण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. पण बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला आमचं दुकान आहे, आणि ऑटो हेल्मेट ठेवायला लागल्यापासून संध्याकाळी शटर ओढताना दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त उरतात!

ऑटो हेल्मेट म्हणजे एरवी त्यातनं स्वच्छ दिसतं, पण वेल्डिंगचा उजेड पडला की काच आपोआप काळी होते.

पहिलं गिऱ्हाईक इंदापूरचा बाळू. उसाच्या ट्रॉल्या बनवतो. "वहिनी, हजाराच्या आत बसवा." बसवलं. त्यानं ते तोंडावर चढवलं, माझ्याकडं बघितलं आणि लगेच काढलं.

"ह्यातनं तुमी चक्क दिसताय! पीस खराब हाय."

त्याला परत हेल्मेट चढवायला लावून बाहेर उन्हात उभा केला. काच झपकन काळी! मग गडी थांबायलाच तयार न्हाय. आत-बाहेर, आत-बाहेर. शेवटी मी ओरडले, "बाळू, सूर्याला टाका मारायचाय का?"

*

तोच बाळू थोड्या दिवसांनी आला तो डोळे लालबुंद घेऊन. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. स्वस्तातल्या हेल्मेटला उजेड ओळखणारे सेन्सर दोनच. हा ट्रॉलीखाली झोपून वेल्डिंग करत होता, आणि सेन्सर नेमके पाईपाआड गेले.

"म्हणजे काच काळी झालीच नाही?"

"न्हाय ना! हेल्मेटला काय दिसलं न्हाय, पण मला लई दिसलं!"

आधी डॉक्टरकडं पिटाळला. डोळे बरे झाल्यावर चार सेन्सरवालं घेऊन गेला. या खेपेला उन्हात उभा राहिला नाही.

*

वालचंदनगरचे एक आबा आहेत. कारखान्यातनं रिटायर झालेले. सकाळी आले, खुर्ची ओढून बसले आणि एकेक डबा उघडायला लावला. बॅटरी बदलता येते का? ग्राइंडिंगला चालतं का? चष्म्यावर बसतं का? माझं जेवण राहिलं. शेवटी दुकानातलं सगळ्यात भारी हेल्मेट उचललं.

मी म्हटलं, "आबा, मोठं काम घेतलंय वाटतं?"

"व्हय. सूनबाईला तुळशीच्या कुंडीसाठी स्टँड पायजे."

*

कळस गावच्या दोघा भावांनी दोघांत एकच हेल्मेट घेतलं. मधल्या किमतीतलं. मी बजावलं होतं, पट्टा रोज सैल-घट्ट करत बसाल. "आमचं डोकं एकच हाय," थोरला म्हणाला.

आठवडाभरानं थोरला एकटाच हजर. "वहिनी, अजून एक द्या."

"का? भांडलात?"

"भांडण न्हाय वो. पण त्यो डोक्याला तेल लई लावतो!"

*

आणि वडगाव निंबाळकरचे तात्या. गावातली निम्मी गेटं आणि ग्रिल त्यांच्या हातची. पण काच कधी वापरलीच नाही. रॉड टेकवायचा, तोंड फिरवायचं, डोळे गच्च मिटायचे. आवाजावर वेल्डिंग करायचा माणूस! डोळ्यांच्या डॉक्टरनं झापल्यावर लेकीनं त्यांना दवाखान्यातनं थेट माझ्याकडं आणलं.

तात्या म्हणाले, "सगळ्यात हलकं दाव."

लेक म्हणाली, "सगळ्यात भारी द्या. डोळे काय दुकानात मिळत न्हाईत."

बापलेकीची चांगलीच जुंपली. शेवटी मधलं ठरलं, चार सेन्सरवालं. दुकानाबाहेर ट्रायलसाठी आमची मशीन असते. तात्यांनी हेल्मेट चढवलं, रॉड टेकवला आणि सवयीनं तोंड फिरवलं.

"तात्या, म्होरं बघा की!" लेक ओरडली.

तात्यांनी समोर बघत वीतभर टाका ओढला. थांबले. परत एक ओढला. मग हेल्मेट वर सारून त्या टाक्याकडं बघतच राहिले.

मला काळजी वाटली. "तात्या, दिसतंय ना नीट?"

"दिसतंय की. लई नीट दिसतंय."

हेल्मेट काखेत मारून तात्या उठले.

"पोरी, गाडी काढ. आधी आत्याकडं जायचं."

"आत्याकडं? आत्ता? कशाला?"

"तिच्या जिन्याचं रेलिंग मी केलंय!"