मंदाच्या जिवाणूला समाधानी म्हणू नका

आज सकाळी स्मशानात मी खोटं बोललो.

डॉ. मंदाकिनीचं रक्षाविसर्जन होतं. शाळेपासूनची माझी मैत्रीण. सांगलीत कॉलेजला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, आणि लॅबमध्ये आयुष्यभर एकाच प्रश्नाच्या मागे होती. जिवाणू बाहेरची अमिनो आम्लं आत घेतो. ती किती घ्यायची, हे त्याची जनुकं कशी ठरवतात?

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. रक्षा सावडून होते न होते, तोच माईक पुढं येतो. कवठे महांकाळजवळच्या तिच्या सासरीही आला.

सूत्रसंचालक म्हणाला, "आता ज्यांनी ताईंचं संशोधन घराघरात पोचवलं..." आणि माझं नाव घेतलं.

मी उभा राहिलो. आणि तेच वाक्य बोललो.

"पोट भरलं की जिवाणूसुद्धा आपलं दार लावून घेतो. माणसाला मात्र ते समाधान नाही!"

पुढच्या रांगेत एकाचे हात टाळीला उठले, आणि जागा आठवून खाली गेले.

हे वाक्य माझं. विट्याच्या गलाई व्यावसायिकांच्या मेळाव्यात पहिल्यांदा सुचलं. तेव्हा माणसाच्या जागी 'पुढारी' होता. सोनं गाळणारी ही मंडळी देशभर पसरलेली. क्लिप गावोगावच्या दुकानांत फिरली.

मंदाचा फोन आला.

"अरे भाषणसम्राट, चुकीचं बोललास."

"काय चुकलं?"

"दार बंद होत नाही. नवी दारं बनणं थांबतं."

"त्यावर टाळी कशी येईल गं?"

"टाळीसाठी वाढवते का मी जिवाणू?"

मी हसलो. ती नाही हसली.

"हळदीकुंकवाला बायका विचारतात, 'तुमचा समाधानी जिवाणू काय म्हणतोय?' माझी पोरं परीक्षेच्या पेपरात लिहायला लागलीत, जिवाणू दार लावतो म्हणून. मी शिकवलेलं खोटं आणि तुझं खरं! पुढच्या सभेत दुरुस्त कर."

"करतो."

पुढची सभा साताऱ्यात होती. त्या वाक्यापाशी आलो, तर समोर मोबाईल वर झालेले. लोक वाटच बघत होते.

मी दिलं त्यांना ते.

मग ती आजारी पडली. दवाखान्यात गेलो, तर पहिला प्रश्न, "केलंस दुरुस्त?"

"करतो गं. आधी तू बरी हो."

"माझ्या बरं होण्याचा आणि त्याचा काय संबंध?"

काहीच नव्हता. तरी मी थांबलो.

मी कोण? अर्धवट माहितीवर तुटून पडणारा. ज्या गावात माईक मिळाला, तिथं ओरडून सांगितलं, तपासल्याशिवाय फॉरवर्ड करू नका. आणि माझंच सगळ्यात जास्त फिरलेलं वाक्य खोटं. ते खोटं आहे, हे मला माहीत असताना.

आज माईक ठेवून खाली आलो, तेव्हा तिचे यजमान जवळ आले. फौजेतून निवृत्त सुभेदार.

"लय चांगलं बोलला, सर."

मग म्हणाले, "एक इचारू का? तुमचं त्ये दाराचं लागलं की ती मोबाईल बंद करायची. तसं न्हाई त्ये, म्हणायची. मग कसं हाय, ह्ये मला कवा नीट कळलं न्हाई. तुमाला तर म्हाईत असंल."

मला माहीत होतं.

तिथंच कट्ट्यावर बसून त्यांना सांगितलं. तुम्हालाही सांगतो.

ल्युसिन हे एक अमिनो आम्ल. ते आत घ्यायला जिवाणूच्या आवरणात खास दारं असतात. दारंही प्रथिनांचीच. बाहेर ल्युसिन कमी असलं की दारांची जनुकं चालू राहतात, दारं बनत राहतात. भरपूर झालं की ल्युसिन एका नियामक प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि ती जनुकं गप्प होतात. नवी दारं बनणं कमी होतं. बस. त्याला पोट नाही, समाधानही नाही. मंदानं तो नियामक मुद्दाम बिघडवला, तर तोच जिवाणू ल्युसिनच्या ढिगात बसून दारं करत सुटला.

सुभेदार म्हणाले, "म्हंजी हुकूम देणाराच बिघडला."

"हो."

"मग शिपायाला गुणी कशापायी म्हणायचं?"

"नाही म्हणायचं. तेच ती सांगत होती."

"आन् जुनी दारं?"

"ती राहतात. कुणी लावत नाही. पेशी दुभंगली की लेकींमध्ये वाटली जातात."

समोर तिच्या विद्यार्थिनी ओल्या डोळ्यांनी उभ्या होत्या.

आणि मला एक वाक्य सुचलं. घडीव, तयार, सगळ्या स्मशानाला रडवणारं.

ते मी बोललो नाही. इथंही लिहीत नाही.

माझ्या प्रोफाइलवरून ती क्लिप काढली आहे. तुमच्याकडं असेल तर पुसा. शेअर करायचंच असेल, तर वरचा ल्युसिनचा परिच्छेद करा. कंटाळवाणा आहे. पण बरोबर आहे.

मंदा, तू असताना करायला हवं होतं.

शेवटचा नमस्कार.