बघायचं, करायचं, पलटायचं

वैशाली मॅडम पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांनी ना फाइल मागितली, ना औषधं पाहिली. "अंतोनदादा, चहा पाजता का?" म्हणाल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. दादाने गॅस पेटवला, कपबशा मांडल्या, कोरड्या भांड्यात साखर टाकली आणि शांतपणे वाट बघत बसला. करपल्याचा वास आला तशी मी धावले. मॅडमनी मला अडवलं. "ताई, तुम्ही थांबा. तुमचे हात फार घाई करतात."

दादाला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले, पण एका कामामागून दुसरं कोणतं, हेच डोक्यातून निसटलं होतं. होळी नाक्याजवळ आमची केळीची आणि भाजीची वाडी. घरात आम्ही दोघंच भावंडं. मी शिक्षिका, तेव्हा रजेवर. तो दिवसभर एकटा राहू शकला नाही, तर मला नोकरी सोडावी लागणार होती.

मॅडम विरारहून स्कूटरवर यायच्या. त्या व्यवसायोपचार तज्ज्ञ. हा शब्द आळीत कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्यांना 'चित्रवाली' म्हणत. त्यांनी भिंतीवर चित्रांच्या पाट्या टांगल्या: दात, आंघोळ, न्याहारी, वाडी. काम झालं की पाटी पलटायची. "आठवायचं नाही. बघायचं, करायचं, पलटायचं."

इथेच गाडं अडलं. दादा वाडीतून चिखलाने माखून यायचा, आंघोळीची पाटी पुन्हा सुलट करायचा, आंघोळ करायचा आणि पुढच्या पाटीप्रमाणे न्याहारी मागायचा. मग परत वाडीत. आठवडाभर नुसत्या आंघोळी आणि न्याहाऱ्या चालल्या. मॅडमनी कपाळावर हात मारला. "माझीच मिस्टेक! हा आमच्या फ्लॅटमधला दिवस लावला मी. तुमच्यात कोण आंघोळ करून मातीत जातं?" दुसऱ्या दिवशी त्या उजाडताच हजर. दादामागे वाफ्यावाफ्यातून फिरल्या, सलवार चिखलात. मग क्रम बदलला: आधी वाडी, मग आंघोळ. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचं असतं, म्हणून रविवारच्या पाट्या वेगळ्या.

बाई लाघवी मुळीच नव्हत्या. मी दादाला साधं पाणी दिलं तरी डोळे वटारायच्या. "प्रेम करा हो, पण बसून करा." मला त्यांचा भयंकर राग यायचा.

हळूहळू त्यांनी चित्रं काढून कोऱ्या पाट्या टांगल्या. "दादा, उद्याचं तुम्ही ठरवा." दादा नुसता हसायचा, पाट्या कोऱ्याच. रजा संपत आली होती. राजीनामा द्यायचा, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

एका संध्याकाळी दादाने आपणहून फोन उचलला. "मॅडम, उद्या येऊ नका. वांग्याची रोपं लावायचीत. वाफे आज भिजवून ठेवलेत. तुम्ही सोमवारी या." मी हातातलं भांडं तसंच धरून उभी. त्याने फोन माझ्याकडे दिला. पलीकडून मॅडम म्हणाल्या,

"ताई, सोमवारी तुम्ही शाळेत जा. मी आता येत नाही."

मला रडूच कोसळलं. इतके दिवस ज्यांचा राग केला, त्या आता येणार नाहीत म्हणून.

सोमवारी शाळेत गेले. मधल्या सुट्टीत राहवेना, घरी फोन लावला.

"कामात आहे गं," दादा म्हणाला, "मागाहून बोल," आणि ठेवून दिला.