नानांच्या ताटाची हद्द

आजवर कुणालाही, अगदी बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता मी ती पुन्हा गिळीन. आमच्या शेजारच्या नानांनी दीडेक वर्ष रोज सकाळी मला डबाभर कोशिंबीर दिली आणि मी ती खाल्ली नाही. खाल्ली म्हणून सांगत मात्र राहिलो. एवढंच असतं तर हे लिहायला बसलो नसतो.

सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंतच्या मुलखात काकडीवर इतका जीव टाकणारा माणूस दुसरा नसेल. नाना मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. चोपड्यापासून रावेरपर्यंतच्या केळीच्या बागा आणि कपाशीची शेतं त्यांनी पायी, साखळी ओढत मोजली होती. मग मोजायला शेत उरलं नाही, आणि त्याच सुमारास डॉक्टरांनी शुगर सांगितली, म्हणून ते ताट मोजू लागले. घरातल्या प्रत्येक स्टीलच्या ताटावर त्यांनी खिळ्याने मधोमध रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे बठ्ठं, म्हणजे सगळं, कच्चं, पलीकडे भाकरी-भाजी. भाजीचा रस्सा रेघ ओलांडून आला की नाना ओरडायचे, "अतिक्रमण!" आणि नानी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "मंग काय, रस्साले नोटीस धाडू का?" गाजराच्या चकत्या एका जाडीच्या व्हाव्यात म्हणून विळीशेजारी फूटपट्टी असायची. मीठ मात्र जेवायला बसल्यावरच. "आधी मीठ घातलं का पाणी सुटतं, भाऊ. पाणी सुटलं का माणूस ताटात ठेवून देतो, आणि एक दिवस ठेवलं का सवय गेली," असं ते मला गंभीरपणे सांगत. सोमवारी काकडी नि दाण्याचं कूट, मंगळवारी पत्ताकोबी, बुधवारी मोड आलेली मटकी, असं वेळापत्रक दाराच्या आत चिकटवलेलं होतं. जिऱ्याची फोडणी प्रत्येकीला. फोडणी दिली की कोशिंबीर परकी वाटत नाही, असं त्यांचं मत होतं. धुळ्याच्या एका लग्नात तर त्यांनी भर पंगतीत खिशातून दोन काकड्या आणि चाकू काढला आणि आपल्या ओळीतल्या सगळ्यांना चकत्या वाटल्या. समोरच्या ओळीत वरपक्ष बसला होता. त्यांना वाटलं, मुलीकडची ही रीतच असेल. ते बिचारे मठ्ठा येईपर्यंत काकडीची वाट बघत राहिले.

तीन वर्षांपूर्वी माझी शुगर वाढलेली निघाली तेव्हा नानांना आनंद झाला, असं म्हटलं तर कुणाला खोटं वाटेल, पण झाला. इतके दिवस त्यांना ऐकणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी साडेआठला कंपाउंडच्या भिंतीवर डबा आला. "माझ्यासारख्या गोळ्याबिळ्या काही नको भाऊ, आपण रेघेवर चालू." मला कच्चा मुळा घशाखाली उतरत नाही. पण समोरच्याला नाही म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही. मी डबा घेतला, मान डोलावली, आणि ऑफिसला निघताना गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गायीपुढे रिकामा केला. पुढे तीच सवय झाली. गाय साडेनवाला हजर असायची, रविवारी फाटकाशी येऊन हंबरायची. संध्याकाळी नाना विचारायचे, "कसं शे?" मी म्हणायचो, "फर्स्टक्लास." एकदा त्या गायीकडे बघून नाना म्हणाले, "हिची तब्येत बघा हो, काय चकाकून राहिली! कोण घालतं हिला?" मी म्हटलं, "असेल कुणीतरी पुण्यवान."

शुगर अर्थातच उतरली नाही. धुळ्याला बहिणीकडे गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, दोन वेळच्या. घरी सांगितलं नाही. गोळी लागली म्हणजे माणूस कायमचा आजारी, अशी आमच्या घरात समजूत होती. आणि नानांना काय सांगणार? गोळ्या ऑफिसच्या खणात ठेवल्या. दुपारी एक तिथे घ्यायची, दुसरी संध्याकाळी निघता निघता. तीन महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला. बायकोने तो कौतुकाने नानांना दाखवला. नानांनी त्याची झेरॉक्स काढली, लॅमिनेट केली आणि वेळापत्रकाच्या खाली लावली.

त्या हिवाळ्यात यावलकडच्या एका शेतात आमच्या कॉलनीची भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, हिरव्या मिरच्यांच्या ठेच्याने डोळे चुरचुरत होते. भरिताबरोबर कांद्याची पात आणि मुळा आपल्याकडे असतोच, पण नानांनी त्या दिवशी फर्मान काढलं की आधी कच्चं, मग भरीत. हातात मुळ्याची जुडी घेऊन ते पंगतीतून फिरले. कुणीतरी म्हणालं, "काय भो नाना, आम्ही काय ढोरं आहोत का?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. नाना माझ्यामागे येऊन उभे राहिले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "ह्या माणसाकडे बघा. एक गोळी नाही, नुसती काकडी. ह्याला जमलं, मग मला का नाही? उद्यापासून माझ्या गोळ्या बंद!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तोंडात भरीत-पुरीचा घास होता. तो चावून गिळायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मला मिळाला होता. मी घास गिळला आणि पुढची पुरी घेतली.

नंतर रोज वाटायचं, आज सांगू. पण त्यांचा चेहरा बघितला की उद्यावर टाकायचो. वर्ष होत आलं आणि नानांच्या डाव्या पायाला चप्पल चावली. तेवढंच. ती जखम भरेना. नाना जुन्या सवयीने पायीच भाजीबाजारात जात राहिले. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. आधी अंगठा काढला, मग पाय गुडघ्याखालून. अर्धा जिल्हा ज्या पायाने मोजला तो. डॉक्टर नानांवर चिडून म्हणाले, "काकडी खा की रोज, चांगलीच आहे. पण गोळी कुणी सोडायला सांगितली होती?" मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तिथली चादर सारखी करत राहिलो.

आता भाजी मी आणतो. सकाळी बाजारातून काकडी, गाजर, पात घेऊन त्यांच्याकडे जातो, ते खुर्चीत बसून चिरतात, फूटपट्टी अजून शेजारीच असते. मग आम्ही दोघं रेघेच्या ताटात खातो. मी आता खरोखर खातो, मुळासुद्धा, आणि गोळीही घेतो. ती अजून ऑफिसातच असते. नाना इन्सुलिन घेतात. गाय काही दिवस फाटकाशी येऊन थांबायची, मग येईनाशी झाली. माझा तो रिपोर्ट दारामागे तसाच आहे. नानी एकदा काढायला गेल्या तर नानांनी काढू दिला नाही. "राहू द्या. त्याचं जमलं ना."

आपलं का जमलं नाही याचा मात्र नानांनी शोध लावला आहे. पाय चिघळायच्या महिनाभर आधी अमळनेरला भाच्याच्या साखरपुड्यात त्यांनी एक वाटी शेवभाजी खाल्ली होती. तर्रीसकट. परवा चकत्या करता करता हात थांबवून म्हणाले, "तुम्ही एक दिवस हद्द सोडली नाही भाऊ. मी सोडली. मनीच चूक शे. ती एक वाटी नडली." आणि त्यांनी सगळ्यात कोवळी काकडी उचलून माझ्या ताटात ठेवली.

मी ती खाल्ली.

नानांचा पाय मला परत देता येणार नाही. पण माझी शुगर गोळीने उतरली होती, त्यांच्या कोशिंबिरीतलं मी काही खाल्लं नव्हतं आणि त्या शेवभाजीच्या वाटीचा काही दोष नव्हता, हे त्यांना समोर बसून सांगणं माझ्याकडे बाकी आहे.